पाय मुडपला पाहिजे, बाहुला पडता कामा नये

वाचकांचे प्रश्न

श्रावण सरला की ठोकळ्यांच्या बाहुल्यांबद्दलची पत्रं वाढतात. आधी गणपतीचा देखावा असतो, पाठोपाठ दिवाळीचा किल्ला. या अंकात फक्त पायांविषयीचे प्रश्न घेतले आहेत. पुढे वारंवार लागणारी मापं एकदाच सांगतो. लेगो आणि तिच्याशी जुळणाऱ्या ठोकळ्यांवर जे गोल उंचवटे असतात त्यांना स्टड म्हणतात. स्टडचा व्यास ४.८ मिमी, दोन स्टडच्या मध्यांतलं अंतर ८ मिमी. पूर्ण ठोकळ्याची उंची ९.६ मिमी, चपट्या प्लेटची ३.२ मिमी, म्हणजे तीन प्लेट मिळून एक ठोकळा. क्लिपमध्ये बसते ती दांडी साधारण ३.२ मिमी जाड असते. आणि पाय रचताना सगळ्यात कामाला येणारा हिशेब असा, की पाच प्लेटची जाडी १६ मिमी आणि दोन स्टडची लांबीही १६ मिमी. आडवे रचलेले भाग उभ्या भागांशी जुळतात ते यामुळे.

किल्ल्यावर ठेवायला मावळे करायचे आहेत. तयार बाहुल्यांचे पाय फक्त कमरेत हलतात, गुडघा नाही. गुडघा टेकून बसलेला, एक पाय दगडावर ठेवलेला असा मावळा घरातल्याच सुट्या ठोकळ्यांतून करता येईल का? — कोथरूड

येईल, पण तयार बाहुल्याच्या उंचीत नाही. लेगोचा हातपाय हलणारा छोटा बाहुला १९७८ साली आला. त्याआधी १९७५ मध्ये आलेल्या बाहुल्याचे पाय तर अजिबात हलत नव्हते. ७८ च्या बाहुल्याचा पाय खुब्यात पुढे-मागे फिरतो आणि तेवढंच. जेमतेम ४० मिमी उंचीत खुब्यापासून तळव्यापर्यंत इतकी थोडी जागा उरते, की ८ मिमी जाडीच्या पायात गुडघा घातला तर मांडी आणि नडगी दोन्ही चौकोनी गोट्या दिसतील. म्हणून तुमचा मावळा ८० ते ९० मिमी उंच धरा. खुब्याच्या आसापासून गुडघ्याच्या आसापर्यंत २४ मिमी आणि तिथून घोट्यापर्यंत २४ मिमी. पंजा आणि घोटा मिळून आणखी ७-८ मिमी जातील.

बहुतेक जण इथेच फसतात. पाय म्हटलं की प्लेटवर प्लेट चढवत मनोरा उभा करतात आणि गुडघ्याच्या जागी एका प्लेटला क्लिप, दुसरीला दांडी लावतात. पण क्लिप आणि दांडी दोन्ही आपापल्या प्लेटच्या जाडीच्या मध्यात असतात. एकावर एक प्लेट ठेवली की दोघांच्या मध्यांत ३.२ मिमीचा फरक पडतो. मग क्लिप दांडीला पकडते तेव्हा पाय एक तर वाकडा उभा राहतो, नाही तर गुडघ्यात फट पडते. कितीही दाबलं तरी ती बुजत नाही.

उपाय म्हणजे पाय आडवा रचायचा. प्लेटची लांबी पायाच्या लांबीच्या दिशेनं आणि स्टड बाहुल्याच्या पुढच्या बाजूला. मांडीच्या मागच्या थरात टोकाला दांडी असलेली १×२ (एक स्टड रुंद, दोन स्टड लांब) प्लेट घ्या, नडगीच्या मागच्या थरात टोकाला क्लिप असलेली १×२ प्लेट. दोन्ही टोकाला टोक लावून जोडल्या की सरळ रेषेत येतात. आता यांच्या पुढे, स्टडवर, आणखी दोन थर चढवा. तीन थर म्हणजे ९.६ मिमी, पायाची जाडी झाली. मागच्या थरात क्लिप आणि दांडी मिळून किती जागा खातात ते तुमच्याकडच्या तुकड्यांवर मोजा, आणि पुढचे दोन थर तेवढे लांबवून गुडघ्यापाशी एकमेकांना टेकतील असे करा. सांधा मागे आणि मांस पुढे, अशी ही रचना. तिचा दुहेरी फायदा आहे. नडगी मागे मोकळी मुडपते, आणि पुढे जाऊ लागली की पुढचे थर एकमेकांवर अडतात, म्हणजे गुडघा उलटा वळतच नाही. उभा मावळा त्या अडणीवर भार टाकून उभा राहतो, त्यामुळे क्लिप पुढे थोडी सैलावली तरी त्याचा पाय एकदम दुमडत नाही.

गुडघा मुडपल्यावर पुढे उघडं पडणारं भगदाड झाकायला गुडघ्याची वाटी हवी. नडगीच्या सर्वांत वरच्या स्टडवर १×१ ची गुळगुळीत गोल टाइल लावा. पूर्ण झाकत नाही, पण नजर तिथं अडते.

खुब्याला क्लिप नको, गोळा आणि त्याला कवेत धरणारी वाटी असा सांधा घ्या. छोट्या गोळ्याच्या सांध्याच्या प्लेटा लेगोच्या २०१४ च्या मिक्सेल्स मालिकेपासून मुबलक मिळू लागल्या आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या इतर कंपन्यांच्याही मिळतात. गोळा कमरेकडे, वाटी मांडीकडे ठेवा. उलटं केलंत तर कमरेत दोन वाट्या शेजारी बसतात आणि कंबर उगाच रुंद होते. दोन पायांत मध्ये एका स्टडची फट ठेवली की कंबर २४ मिमी होते. त्यावर अंगरखा आणि कमरबंद चढला की प्रमाण ठीक दिसतं.

गुडघा टेकलेल्या मावळ्यासाठी आणखी एक गोष्ट. टेकलेल्या पायाचा पंजा मागे ताणला जाऊन जमिनीवर आडवा पडतो, म्हणजे घोटा जवळपास ९० अंश वळला पाहिजे. तेवढा वळणारा घोटा उभ्या मावळ्याला कमकुवत पडतो. तेव्हा एकच मावळा सगळ्या अवस्थांत बसवायच्या हट्टाला पेटू नका. किल्ल्यावर तो दिवाळीभर एकाच जागी राहणार आहे. टेकलेल्याला क्लिपचा घोटा द्या, पहारेकऱ्याला घोटाच देऊ नका, पंजा थेट नडगीला जोडा. मातीत ठेवण्याआधी पंजाखाली १६×१६ मिमीची प्लेट दाबून बसवा आणि ती प्लेट मातीत पुरा. ओली माती क्लिपमध्ये शिरली की वाळून दगड होते.

आमच्या मंडळाच्या देखाव्यात ठोकळ्यांचं ढोल-ताशा पथक आहे. बाहुले ८० मिमी उंच. ताशेवाले आणि झांजवाले उभे राहतात, ढोलवाले मात्र तोंडावर पडतात. सांधे घट्ट करूनही फरक नाही. — नारायण पेठ

सांधे घट्ट करून फरक पडणारच नव्हता. तुमचा बाहुला सांध्यात वाकत नाहीये, अख्खा उलटतोय. या दोन वेगळ्या व्याधी आहेत आणि औषधही वेगळं. पडलेला बाहुला बघा. पडल्यावरही अवस्था तशीच असेल तर दोष तोलाचा. कमरेत किंवा गुडघ्यात मोडून पडला असेल तर दोष सांध्याचा.

तोलाचा हिशेब करू. बाहुला २० ग्रॅम, गोल ठोकळ्यांचा भरीव ढोल ६ ग्रॅम आणि ढोलाचा मध्य बाहुल्याच्या मध्यरेषेपासून १८ मिमी पुढे असं धरा. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य ६ गुणिले १८ भागिले २६, म्हणजे ४ मिमीहून जरा जास्तच पुढे सरकतो. पंजा दोन स्टड लांबीचा, म्हणजे १६ मिमी, आणि घोटा मधोमध असेल तर पुढे फक्त ८ मिमी आधार आहे. त्यातला निम्मा ढोलानंच खाल्ला. गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ मिमी उंच असेल तर उरलेल्या आधारावर बाहुला जेमतेम ५ अंश पुढे झुकू शकतो. खऱ्या ढोलाच्या एका टोल्यानं मंडपाची फळी तेवढी सहज हलते.

सर्वांत सोपा उपाय ढोल पोकळ करणं. दोन्ही तोंडांना गोल प्लेट ठेवा आणि मधली भर काढून टाका. ढोल ३ ग्रॅमवर आला की सरक सव्वादोन-अडीच मिमीवर येते. दुसरा उपाय पंजा तीन स्टडचा, २४ मिमीचा करणं आणि घोटा टाचेपासून ८ मिमीवर ठेवणं. पुढे १६ मिमी आधार मिळतो. ढोल नसलेला बाहुला अशा पंजावर पुढे २० अंशांपर्यंत झुकूनही सावरतो, मागे मात्र १० अंशच. पाठीवर ध्वज बांधलेल्याला म्हणून हा पंजा उलटा लावावा लागेल. तिसरा उपाय खऱ्या पथकाकडे बघून सुचेल. ढोलवाला कधी पाय जोडून उभा राहत नाही. कंबर किंचित मागे कलती आणि एक पाय पुढे असतो. धड ८ अंश मागे कलवलं तर साधारण दीड मिमी परत मिळतो. एक पाय ६ मिमी पुढे, दुसरा ६ मिमी मागे ठेवला तर आधाराची लांबी १२ मिमीनं वाढते. पण ४० मिमी लांबीच्या पायाला त्यासाठी सुमारे ९ अंशांचा कल द्यावा लागतो आणि घोटा त्याच ९ अंशांनी उलट वळला नाही तर पुढचा पाय टाचेवर आणि मागचा चवड्यावर उभा राहील. घोटा न हलणाऱ्या बाहुल्याला ही युक्ती चालत नाही.

विसर्जनाच्या गाडीवर नेणार असाल तर हे सगळं सोडा आणि सरळ स्टड असलेल्या पाटावर बाहुले दाबून बसवा.

मी सातवीत आहे. माझ्या रोबोटचे खुबे ढिले झाले आहेत. उभा केला की हळूहळू बसतो. आजोबा म्हणाले, तेल घाल. घालू का? — बिबवेवाडी

तेल घालू नकोस, आजोबांना आमचा नमस्कार सांगून हेही सांग. दाराच्या बिजागरीला तेल लागतं कारण ती सहज फिरायला हवी. तुझ्या रोबोटचा खुबा अडकून राहायला हवा, आणि ते काम घर्षणाचं आहे. तेलानं नेमकं तेच जातं, वर धूळ चिकटते.

आधी सांधा किती ढिला आहे ते मोज. रोबोटची कंबर एका हातात घट्ट धर आणि एक पाय आडवा कर. खुब्यापासून २० मिमीवर पायावर १० रुपयांचं नाणं ठेव. नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं, म्हणजे सांध्यावर ७.७ गुणिले २०, सुमारे १५४ ग्रॅम-मिलिमीटर इतका पीळ येतो. तुझ्या रोबोटचं कमरेच्या वरचं वजन १५ ग्रॅम असेल आणि त्याचा मध्य कमरेपासून २५ मिमी वर असेल, तर धड २० अंश वाकल्यावर १२८ चा पीळ येतो. पाय नाण्यासकट आडवा राहिला तर तो एकटा खुबाही हे धड पेलेल. पाय खाली आला तर सांध्याला उपचार हवेत. दोन्ही पायांवर करून बघ, बहुतेक एकच पाय जास्त ढिला निघतो.

उपचार असा. सांधा सोडव. गोळा आणि वाटी कोमट पाण्यात साबणानं धू आणि पूर्ण वाळव. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको. अर्ध्या वेळा ढिलेपणाचं कारण नुसता हाताचा तेलकटपणा असतो. तरीही ढिलाच असेल तर नळाच्या कामाची पांढरी टेफ्लॉन टेप आण. साधारण १० मिमीचा चौकोन काप, गोळ्यावर एकच पदर ताणून बसव आणि वाटीत दाब. ही टेप निसरडी असते, पण ती फट भरते आणि वाटी पुन्हा गोळ्याला आवळते. दोन पदर लावू नकोस, वाटी फाकते आणि मग कायमची ढिली होते.

मोठी माणसं गोळ्यावर फेविक्विकचा पातळ थर देतात आणि सुटा ठेवून रात्रभर वाळवतात. त्यानं गोळा कणभर जाड होतो आणि सांधा घट्ट बसतो. ते तू एकट्यानं करू नकोस. घाईनं ओला असतानाच जोडला तर रोबोट आयुष्यभर एकाच अवस्थेत राहील. नेलपॉलिश अजिबात नको, त्यातल्या द्रावकानं ठोकळ्याचं प्लास्टिक मऊ पडतं.

घरी ०.४ मिमी नोझलचा थ्रीडी प्रिंटर आहे. ठोकळ्यांशी जुळणारे पाय स्वतः आरेखून छापतो. खुब्याची खुंटी तुटते, भोक कधी घट्ट तर कधी सैल. गोळा-वाटी केली तर वाटी चिरते. पीएलए प्लास्टिकची तार वापरतो. — बाणेर

एका पत्रात चार दुखणी आहेत. एकेक घेऊ.

खुंटी तुटते कारण ती उभी छापली आहे. थर एकमेकांना जिथं चिकटलेले असतात तिथं ताकद सर्वांत कमी. ३.२ मिमीची उभी खुंटी म्हणजे चिकटवलेल्या चकत्यांची उतरंड आहे, पाय फिरवताना ती आडवी कापली जाते. खुंटी आडवी छापा, थर तिच्या लांबीच्या दिशेनं जाऊ द्या. आडवी छापताना तळ गोल येत नाही, म्हणून आरेखनातच खालचा ०.४ मिमी भाग सपाट करून टाका. फिरण्यावर परिणाम होत नाही. त्यासाठी कंबर आणि खुंट्या वेगळा तुकडा करावा लागला तर करा. त्याहून पक्कं काम हवं असेल तर खुंटी छापूच नका. सायकलचा साधा स्पोक २ मिमीचा असतो. तो कापून आस करा, भोक २ मिमीच्या ड्रिलनं हातानं साफ करा. घर्षण नेमकं जुळवायचं असेल तर एम-२ चा, म्हणजे २ मिमी जाडीचा स्क्रू आणि नायलॉनचा कडा असलेला नट वापरा. नट पाव फेरा आवळला-सोडला की सांधा हवा तसा होतो, आणि तो नट आपोआप सुटत नाही. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत विचारा.

भोकाचं माप प्रत्येक प्रिंटरचं वेगळं. छापलेलं भोक आरेखनापेक्षा बहुधा लहानच येतं. एकदाच बसून एक पट्टी छापा, तिच्यावर ३.२, ३.३, ३.४ आणि ३.५ मिमीची भोकं आणि सोबत ३.२ ची खुंटी. जे भोक खुंटीला अडकवून धरतं पण हातानं फिरू देतं, ते तुमचं खुब्याचं माप. ज्यात मोकळी फिरते ते चाकांना. प्लास्टिकच्या तारेचं रीळ बदललं की पट्टी पुन्हा छापायची, रंग बदलला तरीसुद्धा. भोक तळाशी असेल तर पहिला थर पसरून तोंड बारीक करतो. तोंडाला ०.४ मिमीची तिरकी कड द्या, कानस मारायची वेळ येणार नाही.

आता वाटी. हा भाग जरा सविस्तर, कारण इथं सगळा खेळ एका मापाचा आहे. गोळा ६ मिमी, मान (गोळा ज्या बारीक दांडीवर असतो ती) ३ मिमी धरा. वाटीनं गोळ्याचा निम्म्याहून अधिक भाग कवेत घेतला नाही तर गोळा निसटतो. म्हणजे वाटीचं तोंड ६ मिमीपेक्षा लहान हवं. तोंड ५.४ मिमी ठेवलं तर पाय मध्यापासून प्रत्येक बाजूला सुमारे ३४ अंश फिरतो, मग मान वाटीच्या कडेला अडते. तोंड ५.७ केलं तर फेर ४२ अंशांपर्यंत जातो, पण पकड फक्त ०.३ मिमीची उरते. मान २.४ मिमीवर आणली तर दोन्हीकडे ६-७ अंश जास्त मिळतात, आणि मग मान तुटायला लागते. फेर, पकड आणि मानेची ताकद या तिघांत तुम्हाला एकाला नाराज करावंच लागतं. मानेला नाराज करू नका, तुटलेली मान चिकटत नाही.

तुमची वाटी चिरते कारण ५.४ च्या तोंडातून ६ चा गोळा दाबताना कड दहा टक्क्यांहून जास्त ताणली जाते. पीएलए एवढं ताणलं जात नाही, तडकतं. वाटीला समोरासमोर चार चिरा द्या, प्रत्येक ०.८ मिमी रुंद आणि वाटीच्या तळापर्यंत खोल. मग कड ताणली न जाता पाकळ्या बाहेर वाकतात. पाकळीची जाडी १.२ मिमी, म्हणजे ०.४ च्या तीन रेघा. वाटीही अशी छापा की थर पाकळीच्या लांबीच्या दिशेनं जातील, नाही तर पाकळी मुळातून उडते.

आणि पीएलए. ते कडक असतं, छापायला सोपं असतं, पण सतत ताणात ठेवलं की हळूहळू ढिलं पडतं. क्लिप दांडीवर चढवून महिनाभर ठेवली की तिची पकड बघता बघता जाते. शिवाय पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तुमचा बाहुला ठेवून बघा, गुडघे न देताच गुडघे टेकेल. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक ७५-८० अंशांपर्यंत टिकतं आणि क्लिप-वाटीसाठी जास्त लवचीकही असतं. मांडी-नडगी पीएलएची आणि फक्त सांध्याचे तुकडे पीईटीजीचे, ही जोडी आम्हाला सर्वांत व्यवहारी वाटते. मूळ ठोकळे ज्या एबीएस प्लास्टिकचे असतात ते शंभरीपर्यंत दम धरतं, पण बंदिस्त पेटीशिवाय घरच्या प्रिंटरवर त्याचे कोपरे उचलले जातात. पावसाळ्यात रीळ हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. ओलं पीईटीजी छापताना तारा सोडतं आणि त्या तारा नेमक्या वाटीत अडकतात.

बाहुला ठोकळ्यावर बसावा अशी इच्छा असेल तर मांडीच्या मागच्या बाजूला ४.९ मिमी व्यासाची, २ मिमी खोल भोकं ठेवा. स्टडची उंची पावणेदोन मिमीच्या आत असते, पण तळ टेकला तर पकड धरत नाही.

भजनी मंडळ करायचं आहे. सगळे मांडी घालून बसलेले. जमेल? — सदाशिव पेठ

सांध्यांनी जमवायला जाऊ नका. मांडीसाठी खुबा ८० अंशांच्या आसपास बाहेर उघडावा लागतो, शिवाय मांडी स्वतःभोवती फिरावी लागते आणि गुडघा १३० अंशांपुढे मुडपावा लागतो. वर बाणेरच्या पत्राला दिलेला हिशेब पाहा, साध्या वाटीचा फेर ४० च्या घरात संपतो. वाटीला बाहेरच्या बाजूनं मानेच्या जाडीची खाच कापली तर पाय त्या एका दिशेला पुरा उघडतो. गुडघ्याला दोन आस द्यावे लागतात, प्रत्येकी ६५-७० अंशांचे, मध्ये ८ मिमीचा जोडतुकडा. एवढं करून जो बाहुला मिळतो तो मांडी घालतो, पण उभा राहिला की गुडघे दोन ठिकाणी लचकतात.

तुमच्या भजनी मंडळाला उठून कुठं जायचं नाही. दोन नडग्या एकमेकींवर ठेवून ३२×२४ मिमीचा एकसंध पाया रचा, खालचा पाय एक प्लेट खाली, वरचा एक प्लेट वर. पायघोळ धोतर दाखवायला उतरत्या कडेचे तुकडे वापरा. वरून बघणाऱ्याला सांधा आहे की नाही कळत नाही. सांधे हातांना द्या, टाळ-मृदंग वाजवणाऱ्यांना त्यांची जास्त गरज आहे.

घोड्यावर बसलेल्या स्वाराचे पाय किती फाकले पाहिजेत? — धनकवडी

घोड्याचं अंग २२ मिमी रुंद, स्वाराच्या दोन खुब्यांत ८ मिमी अंतर, मांडी २४ मिमी लांब आणि ८ मिमी जाड असेल तर प्रत्येक पाय २७ अंश. ठोकळ्याच्या गोळा-वाटीत हे बसतं. घोडा २८ मिमी रुंद केलात तर ३६ अंश लागतील आणि वाटीची कड अडायला लागेल. घोडा खोगिरापाशी एक स्टडनं निमुळता करा, स्वाराला छळू नका.

पायांना रंग दिला की सांधे चिकटतात. — वारजे

सांध्याच्या घासणाऱ्या पृष्ठभागाला रंग द्यायचाच नसतो. गोळा, वाटीचा आतला भाग, खुंटी आणि क्लिपची आतली बाजू मास्किंग टेपनं झाका. उरलेल्या भागाला ॲक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात पुरतात. घासणारी जागा रंगीत हवीच असेल तर त्या रंगाचा तुकडा शोधा किंवा त्याच रंगाच्या रिळानं छापा.

आमचे मावळे ओळखीचे लोक विकत मागत आहेत. किल्ल्याच्या सीझनला तुळशीबागेत ठेवता येतील का? दोन-तीनशे नग झाले तर प्रिंटरवर परवडत नाही, मग काय करावं? — सहकारनगर

आधी कायद्याचं. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचं आयएसआय चिन्ह लागतं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या मालाला त्यात सूट आहे. तुम्ही कशात बसता ते विक्रीआधी बघून घ्या, दुकानदार विचारणारच. पायाचे सुटे गोळे आणि पंजे ३ वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात, तसा इशारा पाकिटावर ठळक हवा.

दुसरं, स्टडच्या मापाशी जुळणारे तुकडे करणं वेगळं आणि लेगोच्या बाहुल्याचं रूप उचलणं वेगळं. त्या बाहुल्याच्या आकाराची व्यापारचिन्ह म्हणून झालेली युरोपीय नोंदणी तिथल्या न्यायालयानं २०१५ मध्ये कायम ठेवली. तुमचा गुडघा असलेला ८५ मिमीचा मावळा मुळातच वेगळा दिसतो, तो तसाच राहू द्या. डोकं आणि कंबर त्यांच्या वळणावर नेऊ नका, आणि जाहिरातीत त्यांचं नाव किंवा चिन्ह वापरू नका.

दोन-तीनशे नगांना इंजेक्शन मोल्डिंगचा (वितळलेलं प्लास्टिक दाबानं भरायचा) पोलादी साचा परवडत नाही. सिलिकॉनचा साचा करून पॉलियुरेथेन रेझिन ओतणं हा मधला मार्ग आहे. मूळ पाय प्रिंटरवर छापा, ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरनं थरांच्या रेघा घालवा, कारण साचा रेघासुद्धा इमानदारीनं उचलतो. रेझिनला हातमोजे आणि मोकळी हवा हवी. खोलगट जागेतले बुडबुडे हा नेहमीचा त्रास. साचा असा ठेवा की हवा वर सुटेल. क्लिप आणि गोळा-वाटी रेझिनमध्ये ओतूच नका. ओतलेलं रेझिन क्लिपच्या वाकण्याला टिकत नाही. सांध्याचे तुकडे तयार घ्या आणि मांडी-नडगीत त्यांच्यासाठी खोबण ठेवा, १×२ प्लेटसाठी ७.९ बाय १५.९ मिमीची. प्लेट स्वतः ७.८ बाय १५.८ असते.

पुढे कधी हजारोंच्या घरात गेलात आणि भोसरीच्या टूल रूमचा (साचे बनवणाऱ्या कारखान्याचा) उंबरा चढायची वेळ आली, तर जाण्याआधी आरेखनात इतकं करून घ्या. प्रत्येक उभ्या भिंतीला एक ते दीड अंश उतार द्या, म्हणजे तुकडा साच्यातून सुटतो. भिंत सगळीकडे दीड मिमीच्या आसपास एकसारखी ठेवा, जाड मांडी आतून पोकळ करा, नाही तर थंड होताना पृष्ठभागावर खड्डा पडतो. एबीएस साधारण अर्धा टक्का आकसतं, २४ मिमीच्या मांडीत ते ०.१२ मिमी होतं. दिसायला नगण्य, पण खुब्याच्या भोकाशेजारी तेवढा फरक पुरेसा आहे, म्हणून साचा कापण्याआधी आकस धरली आहे का ते टूल रूमला विचारा आणि पहिल्या २० तुकड्यांवर नाण्याची चाचणी स्वतः करून बघा.